कालिनाच्या घरावर छप्पर

बिसेर्काने फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या कागदावर कालिनाच्या सातव्या वाढदिवसाचा कार्यक्रम मिनिटांसकट लिहिला होता. तीन वाजता मुलं येणार. तीन ते चार विटांची घरं बांधणार. चारला केक, साडेचारला खेळ, पाचला पालक येऊन आपापली मुलं घेऊन जाणार. तळाशी लाल पेनाने एक ओळ होती आणि तिच्याखाली दोन रेघा : ‘पाचच्या आत कोणीही घरी जाता कामा नये.’

या ओळीमागे गेल्या वर्षीचं दुखणं होतं. स्मिलेवो गाव सोडून ही मंडळी बितोला शहरात राहायला आली आणि महिन्याभरातच कालिनाचा सहावा वाढदिवस आला. नव्या शाळेतली पाच मुलं आली. त्यांनी फुगे फोडले, केक फस्त केला आणि बावीस मिनिटांनी त्यातल्या एकाने विचारलं, “आता घरी जायचं का?” बाकीच्या चौघांना ही कल्पना फारच पसंत पडली. दार लागल्यावर कालिना केकची बशी मांडीवर घेऊन बसून राहिली, आणि मग म्हणाली, “आई, पुढच्या वर्षी नको करूया.” ते वाक्य बिसेर्काला वर्षभर माशाच्या काट्यासारखं टोचत होतं.

म्हणून यंदा सगळं विटांचं. कालिनाला त्या टक् करून बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांचं वेड होतं. बिसेर्काने तीन शेजारणींकडून मागून आणून विटांची दोन टोपली भरली. केकही विटेच्या आकाराचा, लालभडक, वर आठ उंचवटे म्हणून आठ अर्धे जर्दाळू. ग्लास लाल, नॅपकिन पिवळे, प्रत्येक मुलाला पुठ्ठ्याची पिवळी टोपी.

“मलाही रंगवणार आहेस का?” नवऱ्याने, वांगेलने विचारलं.

“तू फुगे फुगव. तोंड आपोआप लाल होईल.”

आता प्रश्न उरला सासऱ्यांचा. नाऊम आजोबा चाळीस वर्षं गवंडी होते. हल्ली ते तिसऱ्या मजल्यावर, दुसऱ्या कुणी बांधलेल्या भिंतींच्या आत राहत आणि दिवसभर त्या भिंतींना नावं ठेवत.

“बाबा, तुम्ही आज फक्त खिडकीपाशी बसायचं हं. मुलांचा कार्यक्रम आहे.”

“बसतो की. मला काय कळतंय विटांतलं!” आजोबा म्हणाले, आणि खुर्ची खिडकीपासून थोडी अलीकडे ओढून बसले.

तीनला आठ मुलं आली. आठ जणांनी आठ कोपरे धरले आणि आठ घरं बांधायला घेतली. लाल विटांवरून दोन मारामाऱ्या झाल्या. तीन वाजून चौदा मिनिटांनी तेओना उभी राहिली. तेओना म्हणजे वर्गातली पुढारी. तिला जे आवडेल ते सगळ्या वर्गाला आवडायचं.

“माझं घर झालं,” ती म्हणाली. “आता काय?”

कालिना आईकडे बघायला लागली. तेवढ्यात खिडकीकडून आवाज आला.

“झालं? ही भिंत आहे की विटांची चळत? सांध्यावर सांधा आलाय! आत कोणी शिंकलं तर घर आडवं होईल.”

“बाबा,” बिसेर्का दात आवळून म्हणाली.

पण आजोबा गुडघे धरत जमिनीवर पोचलेसुद्धा होते. “वरची वीट खालच्या दोघींच्या खांद्यावर बसली पाहिजे. अशी. चुना कुठाय?”

“चुना लागत नाही, आजोबा,” ओग्नेन नावाचा एक गोरटेला मुलगा म्हणाला. “ती टक् करून बसते.”

आजोबांनी एक वीट बसवून पाहिली, ओढून पाहिली, पुन्हा बसवली. “चाळीस वर्षं मी उगाच चुना कालवला म्हणायचा,” ते म्हणाले. “बरं, आठ खुराडी कशाला? सगळे मिळून एकच घर बांधा. कालिना घरमालकीण. तेओना, तू मुकादम. चला, कामाला लागा!”

मुलांना आजवर ‘सांभाळून’, ‘हळू’ आणि ‘नको’ हे तीन शब्द माहीत होते. ‘कामाला लागा’ असं त्यांना कोणी म्हटलंच नव्हतं. ती अशी लागली की चार वाजता बिसेर्का केक घेऊन आली तेव्हा कोणी मान वर केली नाही.

“केक!” ती म्हणाली.

“छप्पर चढल्याशिवाय मेजवानी नाही,” तेओनाने तिला सांगितलं. “तसं नसतं.” बिसेर्का केक घेऊन परत गेली.

साडेचारला भिंती कालिनाच्या कमरेपर्यंत आल्या होत्या. दोन मजले, चार खिडक्या, एक धुराडं. फक्त लाल छप्पर चढवायचं राहिलं. आजोबा मागे रेलून बसले आणि सहज बोलून गेले, “आता खरं म्हणजे गवंडी हत्यारं खाली ठेवतात.”

“का?”

“का म्हणजे? घरवाल्यांनी आणि पाहुण्यांनी शर्ट, टॉवेल आणायचे. ते वर दोरीवर टांगायचे. मुकादमाने वरून ओरडून सांगायचं, कोणी काय दिलं. त्याशिवाय छप्पर चढत नाही.”

“आणि चढल्यावर?” कालिनाने विचारलं.

“चढल्यावर काय, जेवायचं, नाचायचं, आणि गवंडी निघाले पुढच्या गावाला.”

कालिना हातातल्या विटेशी चाळा करत राहिली. बाकीच्या आठांनी मात्र हातातल्या विटा खाली ठेवल्या आणि सगळे वांगेलकडे बघायला लागले.

वांगेलने हसत हसत न्हाणीघरातून एक टॉवेल आणला. हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण झालं.

“एक?” तेओना म्हणाली. “आठ गवंड्यांना?”

वांगेल कपाटाकडे गेला. पडद्याच्या दांड्यापासून पुस्तकांच्या फळीपर्यंत कपडे वाळत घालायची दोरी बांधली गेली आणि तिच्यावर एकामागून एक शर्ट चढायला लागले. तेओना खुर्चीवर उभी राहिली. आजोबांनी कानात सांगितलेलं ती जोरात ओरडत होती, “हा निळा शर्ट घरमालक वांगेल यांनी दिला! देव त्यांना चार मुलगे देवो!”

“देव थांबू दे जरा,” बिसेर्का म्हणाली. “वांगेल, तो लग्नातला आहे. ठेव परत.”

“अगं, गवंड्यांचा शाप घेऊ का? आमच्या काकांनी एका टॉवेलवर भागवलं होतं. त्यांचं छप्पर अजून गळतंय.”

“गळायचंच,” आजोबा म्हणाले. “ते मीच बांधलंय.”

पाचच्या ठोक्याला बेल वाजली. दारात तेओनाची आई रुमेना, दातांची डॉक्टर. “मी आत येत नाही हं, गाडी चालूच ठेवलीय, तेओना, चल लवक—” तिची नजर दोरीवर गेली. “अगंबाई! छप्पर चढतंय?”

छप्पर चढतंय म्हटल्यावर आमच्याकडे रिकाम्या हाताने उंबऱ्यात उभं राहणं म्हणजे बारशाला जाऊन बाळाला नावं ठेवण्यासारखं. रुमेनाने गळ्यातला रेशमी रुमाल सोडला, मग गाडी बंद करायला खाली गेली, आणि परत येताना शेजारच्या दुकानातून मोजे घेऊन आली. तिच्यामागून दुसरे पालक आले. कोणी हातमोजे दिले, कोणी छत्री. एका आजीने दोरीकडे बघून डोळे पुसले आणि अंगातली लोकरीची बंडी काढून दिली.

ओग्नेनचे वडील स्पासे पोलिसात होते आणि थेट कामावरून आले होते. त्यांनी खिसे चाचपले, कमरेचा पट्टा चाचपला. मुलं वाट बघत होती. शेवटी त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

“ही पोलीस स्पासे यांनी दिली!” तेओना ओरडली. “डोक्यावर जितके केस, तितकी वर्षं देव त्यांना देवो!”

सगळ्यांनी स्पासेच्या डोक्याकडे पाहिलं. ते दिव्याखाली छान चकाकत होतं.

“बदल तो आशीर्वाद,” स्पासे घाईघाईने म्हणाले. “आणि टोपी सरकारी आहे, परत लागेल.”

“छपरावर टांगलेलं परत नेतात होय?” आजोबांनी विचारलं.

“मग उद्या साहेबांना काय सांगू?”

“सांग, घर बांधत होतो.”

सहा वाजता घरातल्या पाहुण्यांना द्यायच्या सपाता संपल्या आणि उशिरा आलेले पालक मोज्यांवर फिरायला लागले. कोणीतरी गुदमरून खिडकी उघडली, तशा चार आया एकदम ओरडल्या, “लावा ती! घामेजलेली पोरं आहेत, वारा लागून मरतील!” खिडकी लागली. बिसेर्काने पाचव्यांदा कॉफी केली. वांगेलचा एकही शर्ट कपाटात उरला नव्हता. तो बनियनवर फिरत होता, आणि तसाच त्या रुमेनाला केकवरचे जर्दाळू दाखवत होता.

सातला आजोबांनी हात वर केला. “चढवा!”

लाल विटांच्या रांगा दोन्ही बाजूंनी वर सरकत गेल्या. मुलं श्वास रोखून होती, पालक एकमेकांच्या खांद्यावरून बघत होते. माथ्यावर मधोमध एका विटेची जागा उरली. तेओनाने न बघता हात मागे केला.

“वीट.”

टोपल्यांत वीट नव्हती. दोन्ही टोपली उपडी केली. पिवळ्या निघाल्या, निळ्या निघाल्या, लाल एकही नाही.

“पिवळी लावा,” एक बाप घड्याळाकडे बघत म्हणाला. आठ मुलांनी आणि आजोबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो स्वतःच सोफ्याखाली शोधायला वाकला. मग सगळेच वाकले. डॉक्टर रुमेना टेबलाखाली गेली, स्पासे पोटावर सरकत कपाटाखाली बॅटरी मारत होते आणि तेओना त्यांना हुकूम सोडत होती.

बिसेर्काने पडदा बाजूला केला. मागे कालिना उभी होती, भिंतीला टेकून. उजवी मूठ पाठीमागे.

“उघड,” बिसेर्का हळूच म्हणाली.

मूठ उघडली. आत लाल वीट. तिचे उंचवटे कालिनाच्या तळव्यावर उमटले होते, इतकी ती घट्ट धरली होती.

“अगं, सगळे शोधतायत ना?”

“आजोबा म्हणाले, छप्पर चढलं की गवंडी जातात.” कालिनाने वर पाहिलं. “एवढ्यात नको ना, आई.”

खोलीत कोणीतरी खो-खो हसत होतं. तेओना ओरडत होती, “कालिना कुठाय? कालिनाऽऽ, इकडे ये, तू माझ्याबरोबर शोध!” बिसेर्काने लेकीची बोटं एकेक करून पुन्हा विटेवर मिटली, तिच्या कपाळाचा मुका घेतला आणि पडदा सोडून बाहेर आली.

“सापडली का गं?” वांगेलने गालिच्यावरून विचारलं.

“कुठली सापडायला!” बिसेर्का म्हणाली. “असं वरवर शोधून नाही मिळायची. स्पासे, तुम्ही ते कपाट भिंतीपासून ओढा बघू. त्याआधी आतल्या बशा तेवढ्या बाहेर काढाव्या लागतील, एकेक करून.”

आणि ती स्वयंपाकघरात जाऊन वीस जणांना पुरेल इतक्या बुरेकचं, पदरांच्या भरल्या रोटीचं, पीठ मळायला बसली. ते भाजून तयार व्हायला, घाई केली तरी, दोन तास लागतात.