बांगड्याचा सुरक्षा सप्ताह

अफिफा आयुष्यात पहिल्यांदा रांगली ती थेट मांजराच्या ताटलीकडे.

आठ महिन्यांची पोर. तोपर्यंत ठेवाल तिथं बसून राहायची. त्या रविवारी सकाळी मात्र तिनं सोफा, टीपॉय आणि दादीचे पाय असं सगळं मागे टाकलं, ताटलीतून मांजराच्या खाण्याचा एक कोरडा दाणा उचलला आणि तोंडात घातला. दात दोनच, तरी चवीनं चघळला. शेजारी बांगडा बसला होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं आणि थोडं सरकून जागा करून दिली.

"नूरीन! इन्सिडेंट!" बासित ओरडला.

दुसरा कुठलाही बाप "अगं, तिच्या तोंडातलं काढ" असं ओरडला असता. पण बासित तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत अकरा वर्षं सेफ्टी ऑफिसर होता. तिथं वस्तू पडत नाहीत, माणसं घसरत नाहीत. तिथं सगळे इन्सिडेंट होतात.

नूरीननं येऊन बोट घालून दाणा काढला. "झालं. निघाला."

"निघाला म्हणजे झालं नाही. मूळ कारण शोधायला पाहिजे."

"मूळ कारण, तिला भूक लागली."

"मूळ कारण हे बसलंय," बासित म्हणाला आणि त्यानं बांगड्याकडे बोट दाखवलं.

बांगडा हे मांजर. अंगावर बांगड्यासारखे काळे पट्टे, म्हणून बांगडा. नूरीन ऐरोलीला नोकरी करायची तेव्हा ऑफिसच्या पार्किंगमध्ये तो तिला एका स्कूटरवर झोपलेला सापडला होता. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन ती खारघरच्या या अकराव्या मजल्यावर आली तेव्हा तिच्यासोबत दोन सुटकेस आल्या आणि बांगडा आला. सुटकेस माळ्यावर गेल्या. बांगडा बासितच्या उशीवर गेला.

"कसं असतं," बासितनं समजावून सांगितलं, "पहिलं काम म्हणजे धोका काढूनच टाकायचा. ते नाही जमलं, तर मग कुंपण, कुलूप, बोर्ड वगैरे."

"काढून टाकायचा म्हणजे?"

"आमच्या स्टोअरला मांजर पाहिजेच आहे. उंदीर गोण्या कुरतडतात. मधुकर कधीचा मागे लागलाय माझ्या."

मधुकर म्हणजे कंपनीचा स्टोअरकीपर.  नूरीन चिडली की आवाज चढत नाही तिचा, उतरतो.

"बासित, लग्नाच्या आधी मी तुला सांगितलं होतं. आम्ही दोघं येणार."

"तेव्हा अफिफा नव्हती."

दोघांनी सईदाकडे पाहिलं. सईदा म्हणजे बासितची अम्मी. ती सोफ्यावर मांडी घालून बसली होती.

"मांजर पाक-साफ जनावर हाय," ती म्हणाली. "पन पोरीच्या तोंडात केस गेला तर तेबी बरं नाय."

"अम्मी, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?" नूरीननं विचारलं.

"मी लसूण सोलतेय."

शेवटी तह झाला. सात दिवस. घर सेफ करायचं काम बासितचं. सात दिवसांत ज्याच्यामुळे घरात कुणालाही लागेल, ते घराबाहेर. बांगड्यामुळे लागलं, तर बांगडा तळोज्याला. सात दिवस शांततेत गेले, तर विषय कायमचा बंद. बासितनं फ्रिजवर पांढरा बोर्ड लावला, त्यावर 'अपघाताविना दिवस' असं लिहिलं आणि खाली मोठं शून्य काढलं. मधुकरला कुणकुण लागली असावी. संध्याकाळी त्याचा फोटो आला. पुठ्ठ्याचं खोकं, आत घडी घातलेलं पोतं, शेजारी दुधाची वाटी. खाली लिहिलं होतं, 'सर, रूम रेडी.'

सोमवारी ऑनलाइन मागवलेलं सामान आलं. टेबलाच्या कोपऱ्यांना लावायचे स्पंज, ड्रॉवरची कुलपं, कमोडच्या झाकणाचं कुलूप, हॉलमध्ये लावायचा कॅमेरा आणि स्वयंपाकघराच्या दारात बसवायचं पांढरं प्लास्टिकचं गेट. बासितनं रजा टाकून सगळं बसवलं. समोरच्या फ्लॅटमधल्या सुनयनाकडे घराची जादा चावी असायची, तीही तो परत घेऊन आला.

"ती काय चोर हाय?" सईदानं विचारलं.

"चोराचा प्रश्न नाही अम्मी. कोण कधी आत येतंय, कंट्रोल पाहिजे."

पहिला बळी बासितचाच गेला. मंगळवारी सकाळी कंपनीची बस यायला दहा मिनिटं असताना तो बाथरूममध्ये गेला आणि आतून हाक आली.

"नूरीन! हे झाकण कसं उघडायचं?"

"तूच बसवलंयस ना!"

"कागद बघ, कागद! बॉक्समध्ये होता!"

नूरीननं दाराबाहेर उभं राहून वाचलं. "डावं बटण दाबून धरा. उजवी पट्टी वर उचला. त्याच वेळी झाकण पुढे ढकला."

"तीन हात लागतील!"

"मी येऊ?"

"नको!"

खाली बसनं हॉर्न दिला. बासित तसाच गेला. तळोज्यापर्यंतचे सगळे स्पीडब्रेकर त्याला त्या दिवशी नव्यानं कळले.

सईदाची गोष्ट वेगळीच. चहाची पावडर ज्या ड्रॉवरमध्ये होती त्याचं कुलूप तिला उघडेना. तिनं दोनदा ओढलं, एकदा शिवी दिली आणि मग चपला घालून समोर सुनयनाकडे चहाला गेली. दुसऱ्या दिवशीही गेली. तिसऱ्या दिवशी जाताना मॅक्सीच्या खिशात काहीतरी घेऊन गेली. कुणी विचारलं नाही.

बांगड्याला मात्र सप्ताह मानवला. रोज रात्री तो एकेका कोपऱ्याचा स्पंज उपटायचा आणि सकाळी उंदीर मारून आणल्यासारखा नूरीनच्या पायाशी ठेवायचा. अफिफा बसल्या जागेवरून टाळ्या वाजवायची.

अडचण गेटची झाली. बांगड्याची मातीची पेटी स्वयंपाकघरापलीकडच्या बाल्कनीत. गेटवरून उडी मारायला तो तयार नव्हता. गेटसमोर बसून, म्हाताऱ्या माणसानं सरकारी ऑफिसात बसावं तसा तो नुसता बघत राहायचा. मग बासितनं गेट थोडं वर उचलून बसवलं, खालून मांजर जाईल इतकं.

"खालून अफिफा जाईल," नूरीन म्हणाली.

"नाही जाणार. तिच्या डोक्याचं माप घेऊन केलंय."

गुरुवारी बांगडा गेटखालून गेला आणि त्याच्या मागोमाग अफिफा गेली. अर्धी आत, अर्धी बाहेर, मजेत. डायपरपाशी अडकली तेवढंच. लागलं काहीच नाही, पण बासितनं वही काढली.

"याची चौकशी होणार. आमच्याकडे पाच वेळा 'का' विचारतात, मग खरं कारण सापडतं. का अडकली? मांजराच्या मागे गेली."

"का गेली?" नूरीननं विचारलं.

"खाली जागा होती."

"का होती?"

"गेट वर बसवलं."

"का बसवलं?"

"माप... बरोबर होतं."

"कुठून घेतलंस?"

"लसीच्या कार्डावरून."

"कधीच्या?"

बासितनं कार्ड पाहिलं. "तिसऱ्या महिन्याच्या."

"पाच झाले की अजून एक विचारू?"

वही बंद झाली. बोर्डवर चारचा आकडा आला. सईदानं मात्र त्याच दिवशी नातीच्या पायात घुंगरांचे चाळ घातले. "पोर कुठं हाय ते कानाला कळलं पायजे," ती म्हणाली. बासितलाही हे पटलं.

अशा रीतीनं रविवार उजाडला. बोर्डवर सहा. संध्याकाळपर्यंत निभावलं की बांगडा कायमचा घरचा. नूरीन सकाळपासून त्याला नजरेआड होऊ देत नव्हती. बासितनं बाहेरच्या दाराच्या पॅसेजमध्ये नवं मागवलेलं दुसरं गेट बसवलं, या खेपेला जमिनीला टेकून. ते झाल्यावर त्याला आठवलं की सुरक्षा सप्ताहाचा शेवट कंपनीत नेहमी मॉक ड्रिलनं होतो.

"म्हणजे काय करायचं?" सईदानं विचारलं.

"मी सायरन वाजवला की सगळ्यांनी हातातलं टाकून बाहेर लिफ्टपाशी जमायचं. बाळ नूरीननं घ्यायचं. नूरीनला जमलं नाही तर तू घ्यायचं."

दुपारी साडेतीनला बासितच्या मोबाइलमधून सायरन कोकलला. नूरीन बेडरूममध्ये कपड्यांच्या घड्या करत होती, ती धावली. पुढे सईदा पळत होती आणि तिच्याकडून घुंगरांचा आवाज येत होता. म्हणजे पोर अम्मींकडे. बासित गेट उघडून घड्याळ बघत उभा होता. तिघं लिफ्टपाशी पोहोचली. मागे गेट खटकन बसलं आणि वाऱ्यानं बाहेरचं दारही लागलं. लॅचचं दार.

"बेचाळीस सेकंद!" बासित खुशीत म्हणाला. "शाब्बास! आता मोजणी. एक, दोन, तीन."

"चार कुठाय?" नूरीन म्हणाली.

"तुझ्याकडे."

"अम्मींकडे! आवाज येत होता ना!"

सईदानं मॅक्सीच्या खिशातून चाळ काढले. "हे व्हय? चिकट झालते, धुवायला काढले."

बासितनं दार ढकललं. मग खांदा लावला. मग तिघांनी मिळून लावला. चावी आत होती, कुलूपवाल्या ड्रॉवरमध्ये.

"कॅमेरा!" नूरीन ओरडली. "फोनवर बघ!"

फोनवर हॉल दिसला. अफिफा सतरंजीच्या मधोमध बसून अंगठा चोखत होती. बांगडा खिडकीत. आणि भिंतीशी, कॅमेऱ्याच्या फळीच्या बरोबर खाली, सताड उघडी टूलबॉक्स. स्क्रू, खिळे, ड्रिलची पाती.

"ती कुणी ठेवली?" नूरीननं अगदी खालच्या आवाजात विचारलं.

 बासितनं कॅमेऱ्याचं बोलायचं बटण दाबलं. "अफिफा! थांब! तिथंच थांब!"

वरच्या फळीतून अब्बाचा आवाज आल्यावर अफिफा हरखली. तिनं वर पाहिलं, हसली आणि आवाजाच्या दिशेनं, म्हणजे टूलबॉक्सच्या दिशेनं, रांगायला लागली.

"थांब म्हणतोय ना! स्टॉप!"

तिनं वेग वाढवला.

"गप्प बस रे!" नूरीननं फोन ओढून घेतला. "बांगड्या! बांगड्या, बघ ना तिच्याकडे!"

बांगड्यानं कान हलवला, बाकी काही हलवलं नाही.

"दे इकडं," सईदा म्हणाली. तिनं फोन तोंडाशी धरला आणि लाडिक आवाजात म्हणाली, "ये रे माज्या राजा, ये. सोडे देते तुला. ये, ये, ये."

सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी. बांगडा खिडकीतून असा उडाला की पडदा मागे हलत राहिला. नूरीननं सासूकडे पाहिलं.

"रोज देता?"

"रोज नाय. दुपारचे फक्त."

बांगडा आवाजाखाली येऊन थांबला. सोडे नव्हते. पण उघडी पेटी होती, आणि उघड्या पेटीत बसायचं नाही असं मांजर अजून जन्माला यायचंय. तो टूलबॉक्समध्ये शिरला, एक गिरकी घेतली आणि स्क्रूंवर, खिळ्यांवर अंग पसरून बसला. एकही खिळा दिसेना. अफिफा पोहोचली. तिनं त्याचा कान ओढला. मग शेपूट. मग पोटाखाली हात घालायचा प्रयत्न केला. बांगड्यानं डोळे मिटले आणि आणखी जड झाला.

"चावी पाहिजे," बासित म्हणाला. त्याचा आवाज सेफ्टी ऑफिसरचा राहिला नव्हता. "कुलूपवाला... कुणाकडे नंबर आहे?"

"चावी सुनयनाकडं हाय," सईदा म्हणाली.

"मी परत आणली होती ना?"

"मी परत नेऊन दिली. तू ठेवशील तितं आमाला मिळनार हाय का?"

सुनयना भाजीला खाली गेली होती. फोन केल्यावर सात मिनिटांत पिशवीसकट आली. तेवढा वेळ तिघं एका स्क्रीनला चिकटून होती. अफिफा बांगड्याच्या पाठीवर गाल टेकून पट्टे मोजल्यासारखं करत होती.

"काकू, काय झालं ओ? आग लागली का काय?" सुनयनानं दार उघडत विचारलं.

"आग नाय. आग लागल्यावर काय करायचं ते शिकत होतो."

बासित आत घुसला आणि स्वतःच्याच गेटवर आदळला. उघडायला वेळ कुणाला? तो वरून चढला, पाय अडकला आणि हॉलमध्ये पालथा पडला. नूरीन मागून गेट उघडून शांतपणे चालत आली आणि तिनं अफिफाला उचललं. तोपर्यंत बासितनं जे करू नये ते केलं. उपकारानं भारावून त्यानं बांगड्याला टूलबॉक्समधून उचललं आणि छातीशी गच्च धरलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच. बांगड्याला ही सलगी कळली नाही. तो सुटला आणि पुन्हा पेटीत जाऊन बसला.

"हाताला काय झालं रे?" सईदानं विचारलं.

बासितनं हात पाहिला. मनगटापासून कोपरापर्यंत तीन लाल रेघा, एकमेकींपासून सारख्या अंतरावर. फ्रिजवर सहा होते. चार वाजले होते.

अकरा वर्षांत त्यानं एक ओरखडा लपवू दिला नव्हता. स्टेपलरची पिन बोटात गेली म्हणून त्यानं फॅक्टरी मॅनेजरला रजिस्टरमध्ये सही करायला लावली होती.

नूरीन अफिफाला कडेवर घेऊन उभी होती.  ती फक्त बांगड्याकडे बघत होती.

"गेट लागलं हाताला," बासित म्हणाला.

 नूरीननं कापूस आणि डेटॉल आणलं. तीन रेघा पुसल्या. मग पॅसेजमधल्या गेटकडे पाहिलं. गुळगुळीत, पांढरं, कोपरे गोल.

"गेटच ना नक्की?"

"हो. कडा आहे त्याला."

"बघ हां. ज्याच्यामुळे लागलं ते घराबाहेर, असं ठरलंय आपलं."

बासितनं गेटकडे पाहिलं. एका दिवसाची रजा, दोन रविवार आणि चार हजार रुपये तिथं उभे होते.

"नियम म्हणजे नियम," तो म्हणाला.

"दोन्ही काढ," सईदा सोफ्यावर मांडी घालत म्हणाली. "एकटं राहिलं तर बरं नाय दिसत."

बासित स्क्रू-ड्रायव्हर घ्यायला टूलबॉक्सपाशी गेला. तो बांगड्याच्या पोटाखाली होता. बासितनं हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि बांगडा उठेपर्यंत शेजारी जमिनीवर बसून राहिला.