अस्तरातला अभ्यास

"या वर्षी पदवी म्हणजे पदवी!" असं टेलर मास्तर येईल त्या गिऱ्हाइकाला माप घेता घेता ऐकवत होते. वय सत्तेचाळीस, हातात कात्री धरून तीस वर्षं झालेली. शिवणकामाच्या शाळेत शिक्षकाची जागा निघाली होती, पण तिथे हात किती साफ आहे हे कोणी विचारत नव्हतं. पदवी विचारत होते! म्हणून मास्तर तीन वर्षं दुकान लवकर बंद करून संध्याकाळच्या वर्गाला पळत होते. आता एकच पेपर उरला होता, अर्थशास्त्राचा.

अभ्यासाची त्यांची पद्धत न्यारी. हातात काम असताना वही धरणार कशी? मग समोर जे कापड असेल त्याच्या उलट्या बाजूला पेन्सिलीने मुद्दे लिहायचे आणि शिवता शिवता पाठ करायचे. कपडा तयार झाला की मुद्दे आत! निम्मी गिऱ्हाइकं पोटाशी लोकसंख्यावाढीची कारणं घेऊन हिंडत होती आणि त्यांना पत्ता नव्हता.

परीक्षेसाठी मास्तरांनी स्वतःलाच कोट शिवायला घेतला. अस्तराच्या कापडावर पाच नावं लिहिली: शेती, उद्योग, व्यापार, वाहतूक, सेवा. देशाच्या उत्पन्नात कोणाचा किती टक्के वाटा, हा वीस मार्कांचा हमखास प्रश्न. पुढचे आकडे पुस्तकात बघून भरायला मुलीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी बघतात तो आकडे हजर!

"पोरगी गुणाची आहे हो!" म्हणत मास्तर आठ दिवस घोकत होते. शेती बेचाळीस, उद्योग एकोणचाळीस, व्यापार त्रेचाळीस, वाहतूक अठरा, सेवा पंचवीस.

"अहो, कोट कापताना जरा मापं बघा," बायको म्हणाली.

"मला सांगतेस? माझं माप लग्नापासून वहीत आहे!"

परीक्षेच्या दिवशी कोट अंगावर चढवायला मायलेकींनी दोन्हीकडून ओढाओढ केली. वेळ नव्हता, म्हणून अस्तर खाली नुसतं कच्च्या दोऱ्याने टाचलं होतं.

प्रश्न आला! मास्तरांनी पाचही आकडे धडाधड लिहिले आणि शेवटच्या पाच मिनिटांत समाधानाचा एक लांब श्वास घेतला. तो कोटाला झेपला नाही. कच्चा दोरा टर्रकन तुटला आणि अस्तर बाकाखाली लोंबायला लागलं.

"हे काय?" पर्यवेक्षक बाई कडाडल्या.

"अस्तर."

"आणि त्यावर?"

मास्तरांनी वाकून पाहिलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. तीन वर्षं पाण्यात, वर कॉपीचा ठपका! "बाई, शप्पथ सांगतो, मी बघितलंसुद्धा नाही! सगळं तोंडपाठ आहे!"

अर्थशास्त्राचे विभागप्रमुख आले. मास्तरांना कोटासकट उभं करून त्यांनी अस्तर वाचलं, बोटांवर बेरीज केली.

"सोडा यांना, बाई. कॉपी म्हणायला एखादं तरी उत्तर बरोबर लागतं. यांच्या देशाचे वाटे मिळून एकशे सदुसष्ट टक्के होतात!"

"चुकीचं कसं असेल, सर? पेपरात मी हेच लिहिलंय!" मास्तर बोलून गेले. तेवढ्यात घंटा झाली आणि पेपर गोळा झाले.

घरी आल्या आल्या ते मुलीवर उखडले. "असले आकडे भरतात?"

"मी कुठे भरले, बाबा? मी विसरलेच!"

मास्तरांनी मटकन बसकण मारली. वीस मार्क गेले, म्हणजे पेपर गेला, आणि पेपर गेला म्हणजे शिक्षकाची जागाही गेली. खरंच वाईट वाटलं बिचाऱ्यांना.

बायकोने पाण्याचा ग्लास पुढे केला. "ते आकडे माझे. छाती बेचाळीस, कंबर एकोणचाळीस, सीट त्रेचाळीस, खांदा अठरा, बाही पंचवीस. तुम्ही उभ्याने पाठांतर करत होतात, तेव्हा टेप लावून मापं घेतली. म्हटलं, अस्तरावर रिकामी जागा आहे, कापताना समोर राहतील."

बायको उसवलेला कोट उचलून न्याहाळत म्हणाली,

"आठ दिवस स्वतःची मापं पाठ केलीत, अहो, तर निदान कोट तरी त्या मापाने शिवायचा होता!"