विषम पत्त्याची नणंद

सोमवारी सकाळी विमा कंपनीच्या त्या ऑफिसात निम्म्या लोकांचे कॉम्प्युटर धावत होते आणि निम्म्यांचे रांगत होते. दावे निकाली काढणाऱ्या टेबलावर तर दोन्ही प्रकार शेजारीशेजारी होते. ज्याला सगळे 'तुफान' म्हणत तो फायलीमागून फायली हातावेगळ्या करत होता, आणि त्याच्या शेजारी वायरवाल्या बाईंची नणंद एकाच फायलीकडे टक लावून बसली होती. दोघंही तात्पुरते. आकडे बरे निघाले तर साहेब शुक्रवारी दोघांनाही कायम करणार होते. भावाच्या घरी सोफ्यावर झोपणारी नणंद कायम झाली की स्वतःची खोली घेणार होती, आणि या एका बाबतीत नणंद-भावजयीचं पूर्ण एकमत होतं.

वायरवाल्या बाई म्हणजे ऑफिसचं नेटवर्क सांभाळणाऱ्या.

"वहिनी, कर ना काहीतरी! हा चार दावे उडवतो तोवर माझं नुसतं गोल फिरतंय."

"तुझ्या मशीनचा पत्ता वाच. शेवटचा अंक काय?"

"सात."

"आणि त्याचा?"

"चार. का? लॉटरी आहे?"

लॉटरीच होती. नेटवर्कवर प्रत्येक मशीनला आकड्यांचा एक पत्ता असतो. सर्व्हर वरच्या मजल्यावर, माणसं खालच्या, आणि मधल्या दोन केबल मिळून एक रस्ता केलेला. कुणाचं काम कोणत्या केबलने जायचं, हे स्विच नावाची नेटवर्कची पेटी त्या पत्त्यावरून ठरवी: सम अंक पहिलीवर, विषम दुसरीवर. दुसरी केबल कुठेतरी चेपली होती. ती पुरती मेली असती तर स्विचने सगळ्यांना पहिलीवर घेतलं असतं. पण ती अर्धमेली होती आणि तिचा दिवा हिरवा होता, त्यामुळे स्विचच्या लेखी ती ठणठणीत होती.

बाई साहेबांकडे गेल्या. स्विचला हात लावायचा तर त्यांची परवानगी लागे.

"दुसरी केबल बंद करू द्या, साहेब. नवी येईपर्यंत एकीवर भागेल."

"बंद? तिचा दिवा लागतोय ना?"

"दिवा लागतोय. माल पोचत नाहीये."

"पण माझं तर चालतंय." साहेबांचा पत्ता दोनने संपत होता. "तुफानचंही चालतंय. जे काम करतात त्यांचं चालतं, बाई. तुमच्या नणंदेला सांगा जरा."

मंगळवारी साहेबांनी स्वतःच शोध लावायचा ठरवला. त्यांनी दोघांना जागा बदलायला लावली. नणंद आपला लॅपटॉप घेऊन तुफानच्या खुर्चीत बसली, तुफान आपला घेऊन तिच्या. पत्ते लॅपटॉपबरोबर गेले. तुफान नव्या जागीही सुसाट सुटला.

"बघितलंत?" साहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "जागेत दोष नाही. माणसात आहे."

"साहेब, मशीनची अदलाबदल करून बघा ना," बाई म्हणाल्या.

"म्हणजे त्याचं चांगलं मशीन बिघडवू?"

त्या रात्री जेवताना नणंद म्हणाली, "दादा, तुझी बायको म्हणते मी विषम आहे."

"ते मी लहानपणापासून सांगतोय," दादा म्हणाला आणि आमटी वाढून घेतली. बायकोने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने उरलेलं जेवण मान खाली घालून उरकलं.

बुधवारी बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता एक काम केलं. प्रत्येक मशीनला आणखी एक पत्ता असतो. त्यांनी पहिल्याऐवजी तो हिशेबात घ्यायला स्विचला सांगितलं. त्या पत्त्यानुसार साहेब दुसऱ्या केबलवर जात होते, हे त्यांनी कागदावर आधीच ताडून पाहिलं होतं. चहा गार व्हायच्या आत साहेब केबिनबाहेर आले.

"बाई! ऑफिस बंद पडलंय आणि तुम्ही बसलाय काय?"

"दुसरी केबल—"

"मग बंद करा ना ती! सोमवारपासून वाट कसली बघताय?"

बाईंनी केबल बंद केली. सगळं ऑफिस पळू लागलं. गुरुवारी नणंदेने तुफानइतकेच दावे निकाली काढले, शुक्रवारी दुपारपर्यंत त्याच्यापेक्षा दोन जास्त. घरी जाताना खोली बघून येऊ, असंही तिने वहिनीला सांगून ठेवलं.

चारच्या सुमारास साहेबांनी बाईंना बोलावलं. ते खुशीत होते.

"तुमच्याकडून एक शिकलो, बाई. दोन केबल होत्या तेव्हा रखडत होतं. एक काढली, काम वाढलं. म्हणजे दुसरी उगाच पोसत होतो! मग म्हटलं, आणखी कुठे कुठे दोन आहेत?"

साहेबांनी आकड्यांचा कागद बाईंपुढे सरकवला.

"दाव्यांवर तुफान एकटा पुरे. आठवड्याचे आकडे त्याचेच जास्त."

"साहेब, तीन दिवस तिचं मशीनच चालत नव्हतं. दोष केबलचा होता, तुम्हीच ती बंद करायला सांगितलीत."

"झालं ते झालं. आकडे आकडे असतात. मी तिला आत्ता बोलावून सांगतो, तुम्ही तोवर तिचं कॉम्प्युटरवरचं खातं बंद करा."

बाई बराच वेळ आणखी बोलल्या. साहेबांनी मान हलवत सगळं ऐकलं आणि शेवटी घड्याळ पाहिलं. जागेवर परतल्यावरही बाई वाट बघत राहिल्या. एव्हाना साहेबांनी तिला सांगितलं असणार, असं वाटेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी नणंदेचं खातं बंद केलं. त्याला एक बटण पुरलं.

लगेच टेबलावरचा फोन वाजला.

"वहिनी, परत अडकलं बघ!" नणंदेचा आवाज उत्साहात होता. "शेवटचाच दावा राहिलाय. आता कुठली केबल गं?"