हरणाऱ्यांची मावा जिलबी

दिगंबरभाऊंच्या ऑफिसात शिरलो, मावा जिलबी खात बसलेल्या पोरांशी हात मिळवले आणि म्हणालो, "अभिनंदन." सगळी खाली पाहायला लागली. ती हरलेली टीम होती. जिंकलेली टीम कोपऱ्यात नुसता चहा पीत होती.

दिगंबरभाऊ आमचे शेजारी. केळीच्या व्यापाऱ्यांसाठी मोबाईलवरची ॲप बनवायची त्यांची छोटीशी कंपनी आहे. काम आलं की ते दोन टीमना देतात. दोन्ही आपापलं बनवणार, व्यापारी एक निवडणार, दुसरं पुसून टाकायचं.

ते म्हणाले, "मुकाबला पाहिजे मास्तर. एकट्या घडाला कोण भाव देते?"

"पण एकाच कामाला दोन पगार?"

"तुम्ही मास्तर लोक. तुम्हाला नाही समजणार."

नाहीच समजलं. हरणाऱ्यांना जिलबी देण्याचंही तसंच. म्हणे, "जिंकणाऱ्याचं पोट भरलेलंच राहते." घरीसुद्धा त्यांनी दोन घड्याळं शेजारी शेजारी लावलीत. जे मागे पडेल त्याला नवा सेल.

या वेळी हरली ती फोपनार गावची रूपाली. कंपनीत सगळ्यात आधी आलेली पोरगी. आधीच्या कामांतही तीच हरली होती. माझ्यासमोरच भाऊंना म्हणाली, "काका, मी इंदूरला नोकरीला चालली. हरून हरून वजन वाढून राहिलं माझं. घरी जिलबी नेली की आई विचारते, आज पण?"

भाऊ चहा तसाच ठेवून उठले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, "आता सगळे एका टीममध्ये. रूपाली टीमची मुखिया. जायचं तर हे काम करून जा."

"मग मुकाबला कोणाशी, काका?"

"माझ्याशी."

ईमेलला फाईल जोडायची तर भाऊ मला बोलावतात. आणि मी मुलीला फोन लावतो. तरी ते महिनाभर संगणकापुढे बसले. शेवटी ॲपचं एक पान तयार झालं.

व्यापाऱ्याने ते पाहून विचारलं, "यात ट्रकचं चित्र उलटं का?"

पोरांनी भाऊंना जिलबी भरवली. रूपाली म्हणाली, "इंदूर कॅन्सल, काका. तुम्हाला शिकवायला कोणी तरी पाहिजेच ना." भाऊ तोंड पुसत राहिले, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ.

घरी येऊन मी ही गंमत बायकोला सांगितली, ट्रकाच्या अभिनयासकट. ती हसली नाही.

"वहिनी वारल्यापासून भाऊ घरी येतात ते फक्त झोपायला," ती म्हणाली. "डाळ जरा जास्त टाकते. हाक मारा त्यांना."