चिंचोक्याची वाट

आमच्या दुकानात कुठलाही बॅनर छपाईला जाण्याआधी त्याच्या प्रत्येक अक्षरातून एक चिंचोका फिरून येतो. रत्नागिरीत फ्लेक्सचं दुकान काढलं आणि पदरी मधुकाका असले, की हे सोसावं लागतं.

मधुकाका माझे डिझायनर. पूर्वी एसटी स्टँडामागे त्यांचं व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. मोबाइल आले, पार्लर बसलं, पण त्या मशीनच्या पडद्यावरची अक्षरं काही काकांच्या डोक्यातून उतरली नाहीत. अलीकडे त्यांनी कॉम्प्युटरवर तशीच मराठी अक्षरं केली. सगळी काटकोनात वळणारी, नुसत्या कडांची, आतून रिकामी. वाढदिवस असो नाहीतर बारावं, काका तीच लावणार. मग नमुन्याचा कागद टेबलावर पसरून बोटाने आतून चिंचोका ढकलत नेणार. अडला की, "हां, इथे गल्ली अरुंद झाली," म्हणून परत माऊस धरणार. व्हिजिटिंग कार्डांसाठी खिशात मोहरी असते.

परवा एक बागायतदार आंब्याच्या पेटीचं स्टिकर बघून म्हणाला, "काका, आत रंग भरा की."

"भरला तर जायचं कुठून?"

"कोणाला जायचंय?"

काका पुन्हा चिंचोका ढकलू लागले. गिऱ्हाईक उठून गेलं, तेही ऐन हंगामात. माझं टाळकं सरकलं. "उद्यापासून साधी जाड अक्षरं, नायतर घरी बसा," म्हटलं.

"असू दे रे. एक लाईफ आहे अजून." हे त्यांचं पार्लरपासूनचं पालुपद. लाईट गेले तरी हेच.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत, फोनही उचलेनात. दुपारी चिडूनच त्यांच्या घरी गेलो.

काकींना मागे अर्धांगाचा झटका येऊन गेल्याचं मला ठाऊक होतं. वाचा गेली, अक्षरओळखही गेली, हे काका कधी बोलले नव्हते. काकी पडवीत खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर पाट, पाटावर फ्लेक्सचा तुकडा, त्यावर ती पोकळ अक्षरं. डाव्या हाताच्या बोटाने त्या चिंचोका ढकलत होत्या आणि शेजारी काका तोंडाने गेमचे आवाज काढत होते. "टुक टुक टुक... आता वळ गो. अडलीस? असू दे, एक लाईफ आहे अजून."

मला बघून म्हणाले, "पार्लरमध्ये त्या गल्लीबोळांच्या गेममध्ये कॉलेजच्या पोरांना हरवायची ही. अक्षरं विसरली, पण गल्लीतनं जायचं विसरली नाय. म्हटलं, तिथूनच परत आणू."

"मग सगळ्या गावाच्या बॅनरवर कशाला, काका?"

"रिक्षातून दवाखान्यात नेतो ना हिला. रस्त्यात कायतरी ओळखीचं दिसायला नको?"

मी पाटावर बघितलं, तर 'मधुकर' लिहिलेलं.

"आज हेच धरून बसलीय, मला उठू देत नाय," काका म्हणाले. "सगळा संसार 'अहो'वर काढला हिने. लग्नातसुद्धा उखाणा चुकवला होता."

चिंचोका शेवटच्या अक्षरातून बाहेर आला. काकींनी मान वर केली, काकांकडे बघितलं आणि खूप जोर लावून म्हणाल्या, "म... धु..."

काका टुक टुक करायचे विसरले. चिंचोका उचलून त्यांनी तो पुन्हा पहिल्या अक्षराशी ठेवला.