वॉलमामांचा प्रभाग

आमच्या प्रभागात माणसाला नावानं हाक न मारणारा एकच माणूस आहे, आणि प्रभागातलं प्रत्येक नाव पाठ असलेलाही तोच. सकाळी मी शाळेला निघाले की कोपऱ्यावरच्या लिंबाखालून खणखणीत आवाज येतो, "निघाल्या का सहाशे एकतीस?" सहाशे एकतीस म्हणजे मी. मतदार यादीतला माझा अनुक्रमांक. आमचे हे सहाशे तीस. एका आकड्यानं का होईना, आपण बायकोच्या पुढं आहोत याचा त्यांना फार आनंद होतो.

यादी नव्यानं छापून आली की अख्ख्या प्रभागाचं बारसं पुन्हा होतं. मग किराणा दुकानातले शेठ तक्रार करतात, "मामा, आवंदा तीनशे अकरा कसा काय? गेल्या वेळी मी तीनशे नऊ होतो."

"शेजारी दोन सुना आल्या की मदी! सरकून बसा जरा."

मामांचं यादीतलं नाव अंबादास किसन माने. पण त्यांना सगळे वॉलमामा म्हणतात, कारण तीस वर्षं त्यांनी या भागात पाण्याचा वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, सोडला. धाराशिवात नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी प्रत्येक घरात लग्नघराची धावपळ असते. खांद्यावर पुरुषभर उंचीची लोखंडी किल्ली घेऊन मामा गल्लीच्या तोंडाशी दिसले, की कुणाची कणीक परातीत तशीच राहायची, कुणाची अंघोळ अर्धी. दारात घागरी किती लागल्या त्यावरून मामांना घरातली माणसं कळायची. दोनाच्या चार घागरी झाल्या, की लेक बाळंतपणाला आली. पिंप बाहेर आलंच नाही, की घरातले चैत्रात येडाईच्या यात्रेला येरमाळ्याला गेले. पुढं मामा निवृत्त झाले, किल्ली हातातून गेली. मग त्यांनी मतदार यादी हाती घेतली.

माझी त्यांची ओळख त्यातूनच झाली. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. त्यात मतदार यादीचं घरोघरचं काम गळ्यात पडलं, बीएलओचं. पहिल्याच दिवशी मी एका बोळात यादी उलटीसुलटी करत उभी होते. मामा मागून आले. म्हणाले, "मॅडम, यादी मिटा. मिटली की मगच दिसती ती." आणि डोळे मिटून त्यांनी घरामागून घर म्हणायला सुरुवात केली. मध्येच थांबून, "ह्यो कंडक्टर सोलापूरला बदलून गेला, कमी करा. ह्या पोरीला आता अठरा झाली, हिला घ्या. आन् ही थोरली बाई गेली बरं का मागल्या महिन्यात. लई झ्याक लोणचं घालायची." सरकारी यादीत लोणच्याला रकाना नाही. मामांच्या यादीत होता.

त्यांना या प्रभागाचा भारी अभिमान. "सगळा देश बघायला कशाला हिंडता? माझ्या प्रभागात या," असं ते पाहुण्यांना सांगायचे. त्यांचंही खरंच होतं. एका टोकाला तांबोळी, मोमिनांची घरं, मध्ये वाण्यांची दुकानं, पलीकडं बुद्धविहाराची गल्ली, मग कोर्टातले, कॉलेजातले नोकरदार, आणि नव्या प्लॉटिंगमध्ये पोरांच्या शाळेसाठी खेड्यातून येऊन खोली करून राहिलेले शेतकरी. उरुसाला आणि नवरात्रात सगळ्या गल्ल्यांत एकच गर्दी. आणि मामांचं ठरलेलं वाक्य, छाती पुढं काढून म्हटलेलं, "माझ्या प्रभागात सुटलेलं माणूस न्हाय."

गेल्या निवडणुकीच्या आधी पुण्याहून एक साहेब आले. पन्नाशीचे, अंगात स्वच्छ पांढरा शर्ट, हातात टॅब. कुठल्यातरी पक्षासाठी ते प्रत्येक प्रभागाचं चित्र तयार करत होते: कुठल्या समाजाची किती घरं, कुठल्या वयाची किती माणसं, कुणाचा कल कुणाकडं. कुणीतरी त्यांना मामांकडं धाडलं. सुट्टीचा वार होता, तेव्हा मीही माझं काम उरकत त्याच गल्ल्यांतून फिरत होते.

साहेबांनी विचारलं, "तर या गल्लीत कोण राहतं?"

"ह्या गल्लीत पाणी शेवटाला येतं," मामा म्हणाले.

"तसं नाही. म्हणजे समाज कोणता?"

"समाज लई समजूतदार हाय. शेवटाला येतं, तरी भांडत न्हायती."

साहेबांनी घाम पुसला. पुढच्या घराशी ओट्यावर तांबोळ्यांची थोरली अम्मा बसली होती. साहेबांनी वयाचा रकाना उघडला. अम्मा म्हणाली, "पोलिस ॲक्शन के टैमपे मैं रांगती थी, बावा. लगाव हिसाब." मामा कौतुकानं म्हणाले, "बघा! निजाम बघितलेलं माणूस हाय माझ्या प्रभागात. घ्या लिहून."

"बरं, यांचा कल कुणीकडं आहे?"

"कल उताराकडं," मामा गंभीरपणे म्हणाले. "हितनं तिथपतोर उतारच हाय. म्हणून तर प्रेशर बरं मिळतं."

मला हसू आवरेना. साहेब मात्र चिवट होते, आणि मामा तर सांगायला बसलेलेच. दुपार कलेपर्यंत दोघांनी सगळा प्रभाग पालथा घातला. शेवटी वस्ती संपते तिथं पडीक माळ लागला. माळावर एक पत्र्याचं शेड, दारात चार शेळ्या.

"इथं किती मतं?" साहेबांनी विचारलं.

"हितं मत न्हाय. एक म्हातारी ऱ्हाती, पर नाव न्हाय तिचं यादीत."

"मग सोडा. झालं आपलं काम." त्यांनी टॅब मिटला. वाईट बोलले असं काही नाही. उन्हानं दमले होते बिचारे.

त्याच दिवशी संध्याकाळी मामा आमच्याकडं आले. चहा नको म्हणाले. मामा चहाला नको म्हणाले, तेव्हाच मी समोर बसले.

"मॅडम, तो माणूस 'सोडा' म्हनला. त्याचं सोडा, त्यो परगावचा. पर म्या त्याच्या संगं म्होरं चालायला लागलो की! चार पावलं गेलो, मॅडम. चार पावलं गेल्यावर ध्यानात आलं, की आपुन भामाआक्काला सोडून चाललो."

भामाआक्का सोनारीकडची. मेंढ्यांमागं हिंडत कधीकाळी माणसांबरोबर इथवर आली. मेंढ्या संपल्या, माणसं पांगली, ती माळावर राहिली. तिच्या शेडला नळ नव्हता. पण माळाच्या कडेला पाण्याचा मोठा वॉल होता, आणि तो सोडताना मामा सगळ्यात आधी तिची घागर भरून द्यायचे. तीसही वर्षं. बदल्यात ती तांब्याभर शेळीचं दूध पुढं करायची, आणि "वास मारतंय" म्हणत मामा ते संपवायचे.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर अर्ज घेऊन मी मामांबरोबर माळावर गेले. नाव लिहिलं: भामाबाई कोळेकर. पुढचा रकाना नातेवाईकाच्या नावाचा.

"वडिलांचं नाव काय, आजी?"

"दादा."

"दादा म्हणायचा हो तुम्ही. खरं नाव?"

"आमी दादाच म्हनायचो. सगळा मेंढवाडा दादाच म्हनायचा. दुसरं असंल, तर त्याला ठावं."

"बरं, मग मालकांचं सांगा." मला वाटलं, जुन्या वळणाची बाई, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजेल. उखाण्यात घ्या म्हणावं.

भामाआक्का लाजली नाही. शेळीची दोरी हातात गच्च धरून म्हणाली, "त्यो मला भर बाजारात हुबी करून निघून गेला. आलोच म्हनला. त्याचं नाव माझ्याम्होरं लावू नका, बाई. त्यापरीस मत नगं मला."

मी पेन थांबवलं. रकाना मोकळा ठेवता येत नाही. मामा माझ्या खांद्यावरून अर्ज वाचत होते. त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय? अनाथ असल्यास पालकाचं नाव."

"मामा, ते पोरक्या मुलांसाठी असतं."

"वयाची अट कुठं लिहिलीय? दावा मला." मी पुन्हा वाचलं. अट नव्हती. "मायबाप न्हाय, मागं कुनी न्हाय, म्हंजे अनाथ न्हाय तर काय? लिहा. पालक, अंबादास किसन माने."

"मामा, त्या तुमच्याहून मोठ्या आहेत."

"मग? म्हाताऱ्या माणसाला पालक लागत न्हाय व्हय?"

मी लिहिलं. पण आक्काकडं ना जन्माचा दाखला, ना घराचा कागद. त्या इथंच राहतात हे दाखवायला चार माणसांचा जबाब जोडू, असं मी म्हटलं. मामांनी चार ऐकलं की नाही कोण जाणे. आठवड्याभरात त्यांनी जो कागद आणला, त्याच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. तांबोळ्यांच्या अम्माचा अंगठा. किराणा दुकानातले शेठ. विहाराच्या गल्लीतले निवृत्त हेडक्लार्क. त्यांनी मजकुरातल्या शुद्धलेखनाच्या चुकाही लाल शाईनं सुधारल्या होत्या. मशिदीतले मौलाना. दोन वकील, एक दाई, नव्या प्लॉटिंगमधली गावाकडं सोयाबीन पेरून पोरांच्या शाळेसाठी शहरात आलेली मंडळी. कुणी वीस वर्षांपासून आक्काला बघत होतं, कुणाचं पोर तिच्या शेळीच्या दुधावर वाढलं होतं. तो कागद हातात धरून मी बराच वेळ बसले. साहेबांना जे चित्र हवं होतं, ते इथं सह्यांसकट होतं. फक्त कल एकाच बाजूला होता.

सुनावणीला आम्ही तिघं तहसीलला गेलो. मामांनी आक्काला वाटेत रिक्षात दहा वेळा पढवलं होतं, "कोन म्हनून विचारलं, की पालक म्हनायचं. पालक."

अधिकारी बाई तरुण होत्या. त्यांनी कागद दोन्ही बाजूंनी वाचला, मग चष्म्यावरून आक्काकडं बघितलं. "आजी, हे अंबादास माने तुमचे कोण?"

आक्कानं मामांकडं बघितलं. मामांनी ओठांनी पा, ल, क असं करून दाखवलं.

"ह्यो?" आक्का म्हणाली. "ह्यो पानी आनतो."

मामांनी कपाळाला हात लावला. अधिकारी बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी विचारलं, "किती वर्षं?"

"तवा ह्याच्या मिशा काळ्या व्हत्या," आक्कानं सांगितलं.

बाईंनी मान खाली घालून अर्जावर सही केली. "नाव घेते मी," एवढंच म्हणाल्या.

यादी छापून आली ती मीच आणली. मामांनी पानं उलटताना अनुक्रमांक बदललेल्या कुणाचीच थट्टा केली नाही. शेवटच्या पानावर ते थांबले. चौकटीत छापलं होतं: भामाबाई कोळेकर. खाली, वडील-पती लिहितात त्या जागी, इतर: अंबादास किसन माने. त्यांनी ती चौकट एकदा वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं मी त्यांच्याबरोबर ही यादी चाळते आहे, पण मामांच्या स्वतःच्या घराकडं कधी नीट बघितलंच नव्हतं. बघितलं. त्या घर क्रमांकापुढं एकच नाव होतं. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली, मूल नाही, हे मला नंतर शेठकडून कळलं. मामा सगळ्या प्रभागाचं सांगायचे; हे तेवढं त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

"चला," मामा म्हणाले. "तिला वाचून दावू."

आक्का शेळ्यांना पाला घालत होती. मामांनी पान उघडून तिच्यापुढं धरलं, जणू ती वाचणारच होती. बोट ठेवून त्यांनी वाचलं. आक्कानं अक्षरांवरून हात फिरवला.

"हे माझं नाव. आन् हे खाली कुनाचं?"

"माझं, आक्का."

"तुझं कशापायी?"

"तसंच असतंय. प्रत्येकाच्या नावाखाली त्याचं कुनीतरी असतंय."

आक्का विचारात पडली. मग मान हलवून म्हणाली, "बरं झालं. मी मेल्यावर कुनाला सांगायचं, ते आता कळंल लोकांना."

मामा पानाची घडी घालायला लागले, ती नीट जमेना. पुन्हा उलगडली, पुन्हा घातली. मग अगदी हळू, मला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यांनी विचारलं, "आन् आक्का, माझ्या वक्ताला वो?"

आक्कानं उरलेला पाला शेळीपुढं टाकला, हात लुगड्याला पुसले.

"मला सांगतील की," ती म्हणाली. "बस आता. दूध काढते."