श्रीपादअण्णांची उसनी स्वप्नं

आमच्या शेजारचे श्रीपादअण्णा सकाळी भेटले की ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत. रांगोळीची वाटी घेऊन ते फाटकाशी उभे असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतात. ‘‘रात्री स्वप्नात काय बघितलं? सांगा की!’’

मी पुण्याहून नवाच आलो होतो. ऑफिस शहराच्या एका टोकाला महादेवपुऱ्यात आणि घर दुसऱ्या टोकाला बसवनगुडीत, ही करामत नकाशा न बघता घर भाड्यानं घेणाराच करू जाणे. त्यामुळे मी भल्या पहाटे निघायचो आणि अण्णांच्या तावडीत पहिला सापडायचो.

‘‘अण्णा, मला मीटिंग आहे.’’

‘‘स्वप्नात?’’

‘‘नाही, खरी.’’

‘‘मग तिचा काय उपयोग!’’

अण्णा मूळचे निपाणीचे, पण सगळी नोकरी इथं झाली. मराठीत बोलतात, कन्नडमध्ये मोजतात आणि रागावले की दोन्हींत एकदम रागावतात. दारात रांगोळी घालणं हे पूर्वी त्यांच्या बायकोचं, सुमतीअक्कांचं काम. अक्कांचे गुडघे गेले, त्या वरच्या मजल्यावर खिडकीत बसल्या आणि वाटी अण्णांकडे आली. अण्णांना ना कमळ जमे ना कासव. बरं, तीच ती नक्षी दिसली की अक्का पडदा ओढून घेत. तो पडदा उघडा राहावा म्हणून अण्णांना रोज काहीतरी नवं लागे. ‘‘आमच्या डोक्यात स्वल्पसुद्धा काही येत नाही बघा,’’ हे तेच सांगत. म्हणून ही वसुली.

गल्लीही सढळ हातानं देत होती. इस्त्रीवाल्या मंजूला एकदा दिसलं, की सगळे शर्ट माणसांना घरी ठेवून कामावर निघालेत. दुसऱ्या दिवशी अण्णांच्या दारात बिनडोक्याच्या शर्टांची मिरवणूक. फुलवाल्या गौरम्मांची मोगऱ्याची माळ संपेचना. ओवता ओवता त्या आभाळात पोचल्या. त्या सकाळी फाटकापासून रस्त्यापर्यंत एक पांढरी रेघ नुसती तरंगत होती. ती ओलांडताना माझं पाऊल आपोआप हलकं पडलं.

माझी स्वप्नं म्हणजे ऑफिसच्या बसमधल्या डुलकीत पडणारी, अगदीच किरकोळ. ती काय सांगायची? मी एक रचलं. ‘‘लिफ्टमध्ये हत्ती होता, अण्णा. मला म्हणाला, सातवा मजला दाबा हो, माझी सोंड अडकलीय.’’

अण्णांनी डोळे मिटून ऐकलं. ‘‘सरी!’’ ही कन्नडमधली पसंतीची पावती.

दुसऱ्या दिवशी हत्ती दारात हजर. वरून अक्कांचा आवाज आला, ‘‘सोंड आहे की नळ, ओ?’’ पाठोपाठ खळखळून हसू. लोकांनी फोटो काढले. मी फुगलो आणि थापांचा रतीबच घातला. ढगांची हजेरी घेणारा मॅनेजर दिला, तळ्यात पोहणारी बस दिली.

मग थापाही आटल्या. मी फोनमधल्या सर्वज्ञ अ‍ॅपला म्हटलं, एक सुंदर स्वप्न दे बाबा. त्यानं क्षणात दिलं: चांदण्याची नदी, नदीत काचेची नाव, नावेत निळं कमळ, कमळात झोपलेला चंद्र. मी ते जांभई देत अण्णांना ऐकवलं. जांभई तेवढी माझी होती.

दुसऱ्या सकाळी ते दारात उतरलं होतं. अण्णांच्या हातून इतकं सुबक काही कधी झालं नव्हतं. मी कौतुकाच्या अपेक्षेनं वर पाहिलं. पडदा ओढलेला.

अण्णा पायरीवर बसले होते. ‘‘हे तुम्ही बघितलं नाही. होय ना?’’

‘‘खरं सांगू अण्णा? मी एकही बघितलं नाही. हत्तीसुद्धा थाप होती.’’

‘‘ते ठाऊक आहे की!’’ अण्णा वैतागले. ‘‘हत्ती बघितल्याबरोबर ही म्हणाली, पुणेकराची थाप. लिफ्टमध्ये कोंडल्यासारखं झालंय बिचाऱ्याला. अहो, रांगोळी बघून ही रोज ओळखते, कुणाचं स्वप्न ते. कोण दमलंय, कोण खुशीत आहे, सगळं. तिला खाली उतरता येत नाही. मग गल्लीच थोडी थोडी वर नेतो मी.’’



काचेच्या नावेकडे बघत ते हळू आवाजात म्हणाले, ‘‘आज बघत बसली, बघत बसली. मग म्हणाली, हे कुणाचंच नाही ओ. आज आपल्या दारात कुणी आलंच नाही.’’

मी बॅग खाली ठेवली. ‘‘अण्णा, एक आहे. अगदी किरकोळ. काल बसमध्ये डोळा लागला तेव्हा पुण्याचं घर दिसलं. मी कडी वाजवतोय. आतून आई म्हणते, वाजवतोस काय, उघडंच आहे.’’

अण्णांनी डोळे मिटले. मग उठले, ओल्या फडक्यानं नदी, नाव, चंद्र, सगळं पुसलं आणि एक दार काढलं. तिरकं, अर्धवट उघडं. आत एक वाकडी बाई.

‘‘कुणाचं, ओळख!’’ त्यांनी वर हाक मारली. स्वर परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखा.

मग पडदा हलला.

‘‘पुणेकराचं,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘आज थाप नाही. घरची आठवण आलीय त्याला. कॉफीला वर पाठवा, ओ.’’

अण्णांनी तोंड फिरवून डोळ्यांना फडकं लावलं. तेच, रांगोळीचं. भुवया पांढऱ्या झाल्या. मग माझ्या बॅगेकडे बघत त्यांनी विचारलं, ‘‘मीटिंग आहे न्हवं तुमची?’’

‘‘स्वप्नात,’’ मी म्हणालो आणि रांगोळीतल्या दाराला वळसा घालून पायरीवर बूट काढले.